काळी, पांढरी आणि तीस चौरस मीटर

वऱ्हाडात जमिनीची दोन नावे आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. काळीत पेरायचे, पांढरीवर राहायचे, ही वाटणी इतकी जुनी की घर कुठे बांधावे हा प्रश्न जुन्या माणसांना पडतच नसे. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांची मुळे अशाच पांढरीत आहेत. अमरावतीत ती परकोटाच्या आत, अंबागेट-खोलापुरी गेटच्या अंगाने. अकोल्यात मोर्णेच्या काठी, असदगडाच्या आसऱ्याने. पुढे दोन्ही शहरे वाढली आणि काळीत उतरली. आज गरिबाला पक्के घर बांधायला जी जागा मिळते, ती बहुधा या दोहोंपैकीच असते. एक तर पिढ्यान्‌पिढ्या भरत आणि पोकळ होत गेलेली पांढरी, नाहीतर नाल्याकाठची काळी. मुरमाची, मोकळी, रस्त्याला लागून असलेली जागाही शहरात असते, पण तिच्या भावात घरकुल बसत नाही.

अशा जागेवर बांधताना काय काय बिघडू शकते आणि ते कोणी सांभाळायचे, यावर अभियंते, महापालिकेतले अधिकारी, मिस्त्री आणि घरवाले आपापल्या जागी बोलत असतात, एकमेकांशी क्वचितच. ही चर्चा कुठवर आली आहे, ते इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला ते वेगळे काढता येईल: अडचणीच्या जागेवरचा धोका नाहीसा होत नाही, तो सरकतो. आजच्या व्यवस्थेत तो सरकत सरकत ज्याच्या हाती सर्वांत कमी साधने आहेत, त्याच्याच दारात येऊन थांबतो.

घरकुल इथवर कसे आले

महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणा कायदा १९७१ चा. म्हाडा १९७७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अमरावती मंडळाकडे वऱ्हाडातले पाचही जिल्हे आले. त्यानंतर २००१ मध्ये वाल्मीकी-आंबेडकर आवास योजना आली आणि २००५ च्या अखेरीस लहान-मध्यम शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम. २५ जून २०१५ ला प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे.

या योजनेच्या चार घटकांपैकी वऱ्हाडातल्या गल्ल्यांत दिसतो तो लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः बांधायचा घटक. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. घर तीस चौरस मीटर चटईक्षेत्राचे, म्हणजे ३२३ चौरस फूट. चौरस फुटाला पंधराशे रुपये धरले, तरी खर्च पावणेपाच लाखांच्या पुढे जातो. वरचे सव्वादोन-अडीच लाख घरच्यांनी उभे करायचे.

दुसरा घटक भागीदारीतल्या सदनिकांचा. त्याला पहिल्या टप्प्यात अट होती किमान २५० घरांची, त्यातली ३५ टक्के दुर्बल घटकांसाठी. अडीचशे घरांना लागेल एवढी सलग जागा अमरावतीच्या बुधवाऱ्यात किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत कुठून आणायची? दाट वस्तीत हा घटक बसत नाही, हे त्या अटीतच लिहिलेले होते. त्यामुळे सदनिका शहराच्या कडेला सरकल्या आणि आतली वस्ती ज्याच्या-त्याच्या हिमतीवर राहिली.

आणखी एक गाठ कागदाची. दोन्ही शहरांत नझूल, म्हणजे सरकारी मालकीची, जमीन भरपूर. शासकीय जागेवरची निवासी अतिक्रमणे नियमात बसवून भाडेपट्टे देण्याचा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला. नागपूर आणि अमरावती विभागातल्या नझूल पट्ट्यांसाठी २०२४ मध्ये वेगळी अभय योजनाही आली. कागद झाला की मोजणी होते, आणि मोजणी झाली की कळते की जागा पंधरा फूट रुंद समजत होतो, ती साडेतेरा आहे.

जमिनीखाली

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आखडते. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तिच्यातल्या चिकणमातीचा हा स्वभाव शास्त्राला चांगला माहीत आहे आणि उपायही आपल्याच देशात निघालेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले, ज्यांना ठेकेदार ‘अंडररीम पाइल’ म्हणतात. माती हंगामानुसार जेवढ्या खोलीपर्यंत हलते, त्याच्या खाली हे खांब पाय रोवतात. खोल काळ्या मातीत भारतीय मानक त्यांना किमान साडेतीन मीटर खोली सांगते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली: फुगणारी माती ठरावीक खोलीपर्यंत काढायची आणि न फुगणाऱ्या, पण चिकट मुरमाचा थर तिथे ठोकून बसवायचा.

आता यातली मेख. माती फुगताना जो दाब वर लावते, त्याला दाबून धरायला इमारतीचे वजन लागते. चार मजली इमारत तो बऱ्यापैकी दाबते. एका मजल्याचे घरकुल दाबू शकत नाही. म्हणजे काळी माती सर्वांत जास्त त्रास देते ती सर्वांत हलक्या, सर्वांत स्वस्त घराला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी भेग आपल्याकडे सर्वांनी पाहिलेली आहे. तिला घरमालक ‘प्लास्टर फाटले’ म्हणतो. खरे तर खालचा पाया एका कडेने उचललेला असतो.

अडचणीच्या जागेत हे आणखी वाढते. पुस्तकात सांगतात की घराभोवती फरसबंदीची पट्टी ठेवा, म्हणजे पायाजवळची ओल बाराही महिने सारखी राहील. इथे घराभोवती जागाच नाही. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाली. नालीकडचा पाया कायम ओला, शेजाऱ्याकडचा कायम कोरडा, आणि वरचे घर या दोघांच्या ओढाताणीत.

पांढरीची अडचण निराळी. तिथे माती फुगत नाही, पण ती मुळात कोणा एका थराची नाही. राख, शेण, पडक्या भिंती, पुन्हा राख. जुन्या शहरात पायाचा खड्डा घेताना पहार एकाएकी हातातून सुटावी तशी खाली जाते आणि खणणारा दचकून मागे होतो. खाली पेव असते. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेले, शेणा-मातीने लिंपलेले, तोंड बुजवून विसरलेले. तेच जुन्या आडाचे. त्यावर कॉलमची बैठक आली, तर वरचा हिशेब कितीही काटेकोर असला, तरी उपयोग नाही.

पायाबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. रचना-अभियंते म्हणतात, प्रत्येक जागेची माती तपासा, मग पाया ठरवा. मिस्त्री म्हणतात, ‘घट्ट लागेपर्यंत खोदा, डबर-मुरुम ठोका, या गल्लीत आम्ही वीस घरे बांधली.’ मिस्त्र्याचे ज्ञान टाकाऊ नाही. त्या गल्लीत पेव कुठे लागले, मुरुम किती फुटांवर आला, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. पण घट्ट म्हणजे किती घट्ट, हे हवामानावर ठरते. मे महिन्यात काळी माती दगडासारखी वाजते. तिलाच घट्ट समजून पाया भरला, तर जुलैमध्ये ती उत्तर देते.

शेजार आणि बोळ

अडचणीच्या जागेचा पहिला धोका शेजारी आहे, असे अनुभवी माणसे सांगतात, आणि ते भांडणापुरते खरे नाही. जुनी घरे मातीच्या रुंद भिंतींची, वर धाबे. त्यांचा पाया दोन-अडीच फुटांवर संपतो. आपण कॉलमसाठी सहा फूट खोल गेलो की शेजाऱ्याची भिंत हवेत लटकते. खोदकामाच्या सुरक्षेचे भारतीय मानक दीड मीटरपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी आधार मागते. बोळीत तो आधार म्हणजे चार बांबू आणि एक दार. जाणकार मिस्त्री सगळा चर एकदम उघडत नाही. तीन फूट खणतो, भरतो, मग पलीकडचे तीन फूट. वेळ दुप्पट लागतो, मजुरी वाढते. पण शेजारच्या भिंतीला टेकून झोपलेले म्हातारे माणूस सुखरूप राहते. अनुदानाच्या हिशेबात या वाढीव मजुरीला रकाना नाही.

हद्दीवरच्या कॉलमची बैठक शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकत नाही, म्हणून ती एका कडेला येते आणि वजन पडले की कलू पाहते. तिला आतल्या कॉलमशी बीमने बांधून घेणे, ज्याला ‘स्ट्रॅप’ म्हणतात, हा साधा उपाय आहे. नकाशावर तो असतो. जागेवर तो होतोच असे नाही, कारण लोखंड वाढते.

पाडकाम हाही बांधकामाचाच भाग आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ३० ऑक्टोबर २०२२ ला अमरावतीच्या प्रभात चौक परिसरात जीर्ण इमारत कोसळून पाच जणांचे जीव गेले. महापालिका अधिनियमाचे कलम २६४ धोकादायक इमारतींना नोटीस देण्याचे, कलम २६५-अ तीस वर्षांपुढच्या इमारतींच्या संरचना तपासणीचे. नोटीस निघणे आणि इमारत सुरक्षित होणे यांच्यामध्ये भाडेकरू, वारसांचे वाद आणि ‘मग जायचे कुठे’ हा प्रश्न उभा असतो. हीच गोष्ट लहान प्रमाणात प्रत्येक घरकुलाच्या जागेवर घडते. जुने घर पाडले, टिन काढले, कुटुंब भाड्याच्या खोलीत गेले, आणि पहिला हप्ता यायचा आहे.

उरलेले बोळीचे. टिपर आत येत नाही, म्हणून रेती चौकात उतरते आणि डोक्यावर टोपल्याने येते. बारा मीटरची सळाख वळणावरून वळत नाही, म्हणून ती दुमडून आणतात आणि जागेवर पुन्हा सरळ करतात. स्लॅबच्या दिवशी लिफ्टवाले मिक्सर उभे करायला जागा नसते, म्हणून माणसांची साखळी लागते, माल हातोहात वर जातो. साखळी कुठे अडली, तर आधीचा माल धरू लागतो आणि नवा त्याच्याशी एकजीव होत नाही; त्या जोडातून पहिल्याच पावसात थेंब पडतो. वरून विजेची तार गेलेली असते. नियमाने कमी दाबाच्या तारेपासून घर आडवे १.२ मीटर आणि उभे २.५ मीटर दूर हवे. सहा फुटी बोळीत हे अंतर निघत नाही. उभी सळाख वर खेचणाऱ्या पोराला तार दिसते, पण सळाखीचे दुसरे टोक दिसत नाही.

पाणी, ऊन आणि मीठ

सिमेंटचे काम पाण्यावर टिकते, आणि पाणी इथे दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते. अमरावतीला ते अप्पर वर्धा धरणातून, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा प्रकल्पातून. नळाचे पाणी घरच्यांना पुरत नाही, मग तराईला, म्हणजे काँक्रीट ओले ठेवायला, बोअरचे वापरतात. इथे वऱ्हाडाची खास अडचण येते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. त्यातल्या भूजलात मीठ आहे. लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे भारतीय मानक ४५६ सांगते. जिभेला खारट लागणारे पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकते. मीठ आत गेले की लोखंड गंजते, गंज फुगतो, आणि आठ-दहा वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. तोवर योजना बंद झालेली असते, ठेकेदार दुसरीकडे गेलेला असतो.

घराघरावर पुढच्या मजल्यासाठी सळया काढून ठेवलेल्या दिसतात. मुलगा कमावता होईल, लग्न होईल, मग वर एक खोली, ही त्यामागची आशा. त्या सळया उघड्या गंजत उभ्या असतात. त्यांच्यावर सिमेंटचा घोळ मारून, प्लास्टिक बांधून ठेवायला शंभर-दोनशे रुपये लागतात. हे सांगणारा माणूस मात्र क्वचित भेटतो.

ऊन हा दुसरा शत्रू. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे कलम १४४ लावले. मजुरांसाठी सावली आणि पाण्याची सोय मालकांवर बंधनकारक केली. चाळीस अंशांवरच्या हवेत काँक्रीट ओतायचे, तर वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि मिश्र सिमेंट असेल, तर कोरड्या, उष्ण हवेत चौदा दिवस ओल राखा, असे मानक सुचवते. राखमिश्रित सिमेंट आणि राखेच्या विटा इथे सर्रास मिळतात, पारस आणि नांदगाव पेठची औष्णिक केंद्रे जवळच आहेत. माल वाईट नाही. तो ओल जास्त दिवस मागतो, आणि तीच इथे दुर्मीळ.

मग दिवाळी ते होळी या चार-साडेचार महिन्यांत बांधावे, असे वाटते. पण दिवाळीनंतर कापसाची वेचणी मजूर ओढून नेते, आणि होळीला मेळघाटातली कोरकू कुटुंबे गावी जातात ती पाच-सात दिवस तरी येत नाहीत, येऊही नयेत; वर्षाचा सण आहे त्यांचा. कामाचे वेळापत्रक करणाऱ्याने हे आधी मांडायला हवे.

तीन वाटा

पहिली वाट, आहे तिथे, ज्याचे त्याने. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कामधंदा, शाळा, ओळख तुटत नाही. घरच्या माणसाचे लक्ष कोणत्याही पर्यवेक्षकापेक्षा तीक्ष्ण असते. खरे आहे. विरोधात सांगितले जाते की प्रत्येक घर वेगळे, म्हणून मातीची तपासणी, शेजाऱ्याचा आधार, तज्ज्ञाची नजर, यांचा खर्च प्रत्येकाला सुटा पडतो आणि म्हणून तो होतच नाही. हेही खरे.

दुसरी वाट, ठेकेदाराने बांधलेल्या सदनिका. जागा मोकळी, मातीची तपासणी एकदाच, साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. देशात सहा शहरांत ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ला झाली, त्यामागे हाच विचार होता: बांधकामातला माणसाच्या चुकीचा वाटा कारखान्यात नेऊन कमी करायचा. बांधकामाचा धोका इथे नक्कीच घटतो. पण दुसराच एक वाढतो. धुणीभांडी करणारी बाई रोज सात किलोमीटर कशी येणार? घर मिळूनही कुटुंब जुन्या वस्तीत परतले, तर तो धोका अभियंत्याच्या वहीत लिहिला जात नाही.

तिसरी वाट पुण्यात येरवड्याला चालून पाहिली गेली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात तिथे वस्ती न हलवता घरे नव्याने बांधली. ‘स्पार्क’ आणि महिला मिलन या संस्थांनी घरोघरी बसून आराखडे ठरवले, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई होते, घर २७० चौरस फुटांचे, लाभार्थ्याचा वाटा दहा टक्के. ज्यांची जागा त्याहून लहान, त्यांनी शेजाऱ्याशी जुळवून घेऊन वर-खाली घरे घेतली. मला ही वाट वऱ्हाडासाठी सर्वांत जवळची वाटते. चार घरांनी मिळून एक पाया घेतला, तर हद्दीवरच्या कॉलमची अडचण जाते, मातीची तपासणी चौघांत वाटली जाते, नालीकडचा आणि कोरडा भाग एकाच बांधणीत येतो. अडचण हीच की चार घरांनी मिळायला हवे. एकाचा पट्टा झाला, दुसऱ्याचा वारस नागपूरला, तिसऱ्याने परवाच टाइल्स बसवल्या.

धोका कोणाच्या नावावर

बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा स्वतःच्या राहत्या घराला लागू होत नव्हता, जर खर्च दहा लाखांच्या आत असेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. स्थावर संपदा कायदाही पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंतच्या सदनिकांना नोंदणीतून सूट देतो. जुन्या शहरातली छोटी अपार्टमेंटे बहुतेक यातच येतात. या सवलतींमागचा हेतू समजण्यासारखा आहे, गरीब घरमालकावर कागदाचे ओझे नको. पण त्यामुळे सर्वांत अरुंद बोळीत, सर्वांत खोल चरात उतरणारा मजूर कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याला काही झाले, तर भरपाई मागायची ती त्याच्याइतक्याच गरीब घरवाल्याकडे. कामगार म्हणून कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होऊ शकते. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला त्याला द्यायचा कोणी, हे आठ दिवस याच्याकडे, दहा दिवस त्याच्याकडे करणाऱ्या माणसाला विचारावे.

भाववाढीचेही तसेच. अनुदान ठरलेले, लोखंड-सिमेंट चढते. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत ठेवली, हा मोठा दिलासा आहे. तरी घाटावरून चौकापर्यंत आणि चौकातून बोळीत आणण्याचा खर्च घरच्यांचाच.

न सुटलेले

काही गोष्टींवर आता फारसा वाद उरलेला नाही. काळीत उथळ पाया चालत नाही, खारे पाणी लोखंडाला नको, शेजारची भिंत आधाराशिवाय उघडी करू नये. वाद आहे तो हे कोणाच्या खर्चाने व्हावे यावर.

मातीची माहिती प्रत्येकाने सुटी मिळवावी की महापालिकेने प्रभागवार नकाशा करून द्यावा? मिस्त्र्यांच्या डोक्यातली माहिती त्या नकाशात कशी यावी? मोर्णेच्या आणि अंबा नाल्याच्या निळ्या रेषेच्या आत आधीच उभ्या असलेल्या घरांचे काय? ती रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुलै २०२१ च्या पुरात मोर्णेचे पाणी घरांत शिरले, तेव्हा ती कुठे आहे हे अनेकांना पाण्यानेच दाखवले. तिथे पक्के घर द्यावे तर धोक्यावर शिक्का मारल्यासारखे होते, न द्यावे तर माणसे टिनाखाली तिथेच राहतात. दोन्ही बाजूंचे अधिकारी मी प्रामाणिकपणे हतबल झालेले पाहिले आहेत.

आणि एक प्रश्न अगदी लहान, पण मला सर्वांत निकडीचा वाटणारा. हप्ता सुटण्यासाठी घराचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह ‘भुवन’ या नकाशा-पोर्टलवर चढवावे लागतात: पाया, लिंटेल, छत, पूर्ण घर. पायाचा फोटो काढायला माणूस येतो, तेव्हा बहुधा जोता भरून झालेला असतो. फोटोत दिसते ती वरची काँक्रीटची पट्टी. खाली खड्डा साडेतीन फूट गेला की सहा, तळाला मुरुम लागला की मेची वाळलेली काळी, पेव होते का, शेजाऱ्याला टेकू दिला होता का, यातले काहीच त्या चित्रात नसते. खड्डा उघडा असताना, त्यात एक टेप सोडून, अजून एक फोटो काढावा, असे काही अभियंते सुचवतात. दुसऱ्यांचे म्हणणे, एक फोटो वाढला की एक फेरी वाढते, आणि फेरीसाठी थांबले की उघड्या खड्ड्यात पाऊस शिरतो, शेजारची भिंत आणखी दोन दिवस हवेत राहते. दोघांचेही बरोबर आहे, आणि तोवर खड्डे भरले जात आहेत.